परतीची वायर : साखर आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे लागत नसल्याबाबत.

संदर्भ : कुंभकोणम–तंजावर रस्त्यावर सुंदरपेरुमाळ कोयिल गावाजवळ गेलेला पाऊण तास.

महोदय,

कराड तालुक्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक बॅटरी चार्जर आणि हाताखाली दोन पोरं. एकतीस हंगाम मी रस्त्याकडेला बसून उसाच्या गाड्या बघतोय. सेल्फ उचलत नाही, बॅटरी उतरते, हेडलाइट जातो, अशा तक्रारी घेऊन ट्रॅक्टरवाले येतात. ट्रॉलीचे मागचे दिवे लागत नाहीत म्हणून कुणी आला, असं अख्ख्या हंगामात चार-पाच वेळाही होत नाही. आणि जो येतो तो बहुधा पासिंगच्या आदल्या दिवशी येतो. त्याला दिवे एक दिवस लागले तरी पुरतात.

हे पत्र टपालानं धाडता आलं असतं. पण मग त्यावर आवक क्रमांक पडला असता आणि ते एका फाइलीत जाऊन बसलं असतं. आपल्याखेरीज कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांनी, संचालकांनी, मुकादमांनी आणि ट्रॅक्टरमालकांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून ते उघड्यावर लिहितोय.

आता संदर्भ. गेल्या माघात बायकोला घेऊन तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख पाहिला, कुंभकोणमची देवळं केली, दारासुरमला ऐरावतेश्वराचा तो रथासारखा मंडप पाहिला. दगडाची चाकं, दगडाचे घोडे. आठशे-साडेआठशे वर्षं उभी असलेली ती गाडी, आणि तिच्या मागंही दिवा नाही, असं मी म्हणालो तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला. परतताना अंधार पडला. सुंदरपेरुमाळ कोयिल हे गावाचंच नाव आहे. कोयिल म्हणजे देऊळ आणि पेरुमाळ म्हणजे विष्णू. स्वामीमलै आणि पापनाशम यांच्या मधे त्याच नावाचं रेल्वे स्टेशन आहे. त्या गावाच्या अलीकडं आमच्या ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरची प्रसादाची पिशवी पुढं आली.

समोर भाताच्या पेंढ्यानं भरलेली ट्रॉली होती. गंमत अशी, की तिला दिवे होते. दोन्ही टेललाइट लागलेले आम्ही लांबून पाहिले होते, जरा मंद होते एवढंच. आम्ही जवळ आलो, ट्रॅक्टरवाल्यानं वळायला ब्रेक दाबला, आणि उजळायचे ते दिवे विझलेच. समोर एकदम काळोख. आमचा ड्रायव्हर तमिळमध्ये जे बोलला त्याचं भाषांतर मी मागितलं नाही.

मी खाली उतरलो. "आता इथंही?" असं बायको म्हणाली, पण तिला उत्तर ठाऊक होतं. माझ्या पिशवीत टेस्ट लॅम्प असतो, देवाला गेलो तरी असतो. टेस्ट लॅम्प म्हणजे फार काही नाही, बारा व्होल्टचा एकवीस वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन लांब वायरी, टोकांना चिमटे. ट्रॅक्टरवाला विशीतला पोरगा. त्याला मराठी-हिंदी नाही, मला तमिळ नाही. मी खुणेनं ब्रेक दाबायला सांगितलं. दिवे गेले. सोडायला सांगितलं. दिवे आले. परत दाब. परत गेले. मी म्हणालो, "अर्थ." म्हणजे वीज बॅटरीकडं परत जाण्याची वाट. तो म्हणाला, "अर्थ?" आणि हुकाकडं बोट दाखवलं. आमचं संभाषण इथून पुढं झकास चाललं.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर ओढत मी मागं नेली आणि तिचं टोक टेललाइटच्या पत्र्याला टेकवलं. ब्रेकलाइट असा भडकला की पेंढ्याच्या काड्या मोजाव्यात. वायर काढली की काळोख, टेकवली की उजेड. पोरानं ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पाच-सहा वेळा करून पाहिलं. मग आम्ही ट्रॉलीच्या सांगाड्यावरचा अर्थचा स्क्रू शोधला. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं भोकाचं पातं, जागेवर होता, स्क्रू घट्ट होता, आणि लगच्या खाली निळ्या रंगाचा जाड थर होता. ट्रॉली रंगवताना रंगाऱ्यानं ती जागा सोडली नव्हती, आणि मग कुणीतरी रंगावरच लग आवळला होता. रंगातून वीज जात नाही. पोरानं त्याच्याजवळच्या कोयत्याच्या टोकानं रंग खरवडला, खालचं लोखंड चकचकीत केलं, लग परत आवळला. दिवे लागले. पण एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण सांगाड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत परतीची वायरच नव्हती, वीज हुकाच्या पिनमधून परत येत होती. पिनला ग्रीस, कडीला गंज. मी टॅक्सीच्या डिकीतली वायर मागून घेतली आणि सांगाड्यापासून ट्रॅक्टरच्या बॉडीपर्यंत बांधून दिली.

महोदय, हे सगळं आपल्याला सांगायचं कारण असं, की तिथल्या पेंढ्याच्या ट्रॉलीत आणि आमच्याकडच्या उसाच्या ट्रॉलीत बिघाड एकच आहे. एकतीस वर्षांत मी जेवढ्या ट्रॉल्या तपासल्या, त्यांत बल्ब गेलेले थोडे. फ्यूज गेलेले त्याहून थोडे. परतीचा रस्ता तुटलेल्या मात्र ढिगानं.

दिवे विझतात तरी का, हे अधिकाऱ्यांना दोन मिनिटांत समजण्यासारखं आहे, म्हणून थोडं खोलात जातो. मागच्या दिव्यात एकच बल्ब असतो आणि त्यात दोन तारा असतात, पाच वॅटची टेलसाठी, एकवीस वॅटची ब्रेकसाठी. दोघींची परतीची वाट एकच, ती म्हणजे बल्बची पितळी बॉडी. ही वाट बंद पडली की वीज आडवाट शोधते. टेलच्या तारेतून आत आलेली वीज ब्रेकच्या तारेतून उलटी बाहेर पडते, ब्रेकच्या वायरीनं पुढं ट्रॅक्टरपर्यंत जाते आणि तिथल्या ब्रेकलाइटमधून घरी पोचते. त्यामुळं टेललाइट मिणमिणता का होईना, लागतो. ट्रॅक्टरवाला मागं वळून बघतो, त्याला लाल दिसतं, तो समाधानानं निघतो. मग तो ब्रेक दाबतो. आता टेलच्या वायरीत बारा व्होल्ट आणि ब्रेकच्या वायरीतही बारा व्होल्ट. दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी झाली की पाटात पाणी हलत नाही, तसंच. वीज थांबते. म्हणजे गाडी थांबते आहे हे मागच्याला सांगायची जी वेळ, नेमक्या त्याच वेळी मागं अंधार होतो. मुळात दिवाच नसलेली ट्रॉली परवडली, ती निदान कायम अंधारी असते.

हुकातून परत येणाऱ्या विजेची आणखी एक खोड आहे. ट्रॉली ओढली जात असताना पिन कडीवर ताणलेली असते, लोखंडाला लोखंड घासतं, दिवे लागतात. गाडी उभी राहिली की पिन सैल पडते आणि दिवे जातात. पंक्चर झालं, नंबर लागेपर्यंत रस्त्याकडेला उभी केली, घाटात दम घ्यायला थांबवली, की गाडी अंधारात. बॅटरी उतरेल म्हणून काहीजण स्वतःच बंद करतात ते वेगळं. (आणि चाकाखाली लावलेले दगड जाताना रस्त्यातच सोडून जाण्याची जी आपली रीत आहे, तिच्यावर मी स्वतंत्र पत्र लिहीन.)

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. ताशी साठनं येणारी मोटारसायकल सेकंदाला साडेसोळा मीटर पळते. दिवा १५५ मीटरवरून दिसला तर ती चालवणाऱ्या पोराच्या हातात नऊ सेकंद आहेत. दिवा नसेल, समोरून एखाद्या गाडीचा अप्पर डोळ्यात येत असेल आणि ट्रॉली चाळीस मीटरवर उमगली, तर सव्वादोन-अडीच सेकंद. त्यातला एखादा सेकंद तरी हे काय आहे ते कळण्यातच जातो. भरलेल्या ट्रॉलीमागचा ऊस मोळीच्या बाहेर हात-दोन हात आलेला असतो. तो कुठल्या उंचीवर असतो हे आपण कारखान्याच्या वजनकाट्यावर पाहिलं असेल.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखाने रिफ्लेक्टर लावतात. बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि एखाद्या दिवशी लाल पट्ट्या, लाल कापडं वाटून फोटोही निघतात. मी या कामाला नावं ठेवत नाही, त्यानं जीव वाचले असतील. बैलगाडीला तर बॅटरीच नाही, तिला पट्टीच तारणार. पण पट्टी स्वतः उजळत नाही, तिला दुसऱ्याचा उजेड लागतो. पंधरा दिवसांत तिच्यावर रानातला चिखल बसतो, वर वाढे लोंबतात. आणि पट्टीला ब्रेक दाखवता येत नाही, ट्रॉली चालली आहे की उभी आहे, वळणार आहे की सरळ जाणार आहे, यातलं काहीच ती सांगत नाही.

दिवे बिघडतात ते ट्रॉलीच्या जगण्यामुळं. चैत्र-वैशाखात हंगाम संपला की ती बांधावर उलटी-सुलटी पडते, सगळा पावसाळा खाते. होल्डरांना हिरवा गंज चढतो, उंदीर वायरीचं आवरण कुरतडतात. हंगामात पाचट वायरीत अडकतं आणि ओढून नेतं. फाळका धाडकन खाली पडतो तो दिव्यावर. ट्रॅक्टरवाला हुक सोडताना प्लग काढायला विसरतो, किंवा काढतो आणि तो डांबरावर घासत जातो. गावच्या वर्कशॉपात ट्रॉली बांधणारा मिस्त्री लोखंडाचं काम नामी करतो, पण वायरिंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात, उरलेल्या वायरीत.

ही उरलेली वायर बहुतेक वेळा अर्ध्या स्क्वेअरची असते. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत साधारण बारा मीटर धरा. अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरच्या बारा मीटर तांब्याचा रोध होतो ०.४२ ओहम. एकवीस वॅटचे दोन ब्रेकलाइट मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. म्हणजे जातानाच जवळजवळ दीड व्होल्ट वायरीत मुरला. परतीची वायरही तेवढीच बारीक असेल तर येताना आणखी दीड. बारातले नऊ उरले, आणि साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्यानं पडतो. नऊ व्होल्टवर तो निम्म्याच्याही खाली येतो. हीच वायर दीड स्क्वेअरची घेतली तर जाऊन-येऊन एकच व्होल्ट जातो. फरक किमतीत पाहिला तर एका खेपेच्या डिझेलएवढाही नाही.

मल्टिमीटरनं तपासणाऱ्या नव्या पोरांची इथं हमखास फसगत होते. वायरीच्या आतले सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज पीत नाही. त्या एका धाग्यावर एकवीस वॅटचा बल्ब टाकला की तो मान टाकतो. म्हणून मी टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतो. बिघाड भार टाकल्यावरच बोलतो. आणि एलईडी लावले की सगळं मिटतं, हा समज तर अगदी खोटा. एलईडी वीज कमी खातो, वायरीवरचा ताण कमी होतो, हे खरं. पण अर्थ तुटलेला असेल तर एलईडी आडवाटेच्या चिमूटभर विजेवरही भुतासारखा मिणमिणत राहतो आणि बंद आहे की चालू, तेच कळेनासं होतं.

दुसरा घोळ सॉकेटचा. ट्रॅक्टरला मागं सात पिनांचं सॉकेट असतं. या सात पिनांचा एक आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे : पहिली डावा इंडिकेटर, पिवळी वायर, दुसरी धुक्याचा दिवा, निळी, तिसरी अर्थ, पांढरी, चौथी उजवा इंडिकेटर, हिरवी, पाचवी उजवा टेल, तपकिरी, सहावी ब्रेक, लाल, सातवी डावा टेल, काळी. आमच्याकडं मात्र ज्याच्या हाताला जी वायर लागली ती. त्यामुळं एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली की डावा हात दिला तर उजवा दिवा लुकलुकतो, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो. हंगामात ट्रॉल्यांची अदलाबदल रोज होते. मग ट्रॅक्टरवाला वैतागून प्लगच काढून ठेवतो. सात पिनांतली तिसरी, पांढरी, हीच ती परतीची वायर, आणि आमच्याकडं सर्वांत आधी तिलाच फाटा मिळतो. लोखंड आहे की, जाईल त्यातून.

इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मध्यंतरी व्हिडिओ कॉल केला होता. तिकडं लोक मोटारीमागं चाकांवरची खोली जोडतात आणि सुट्टीला निघतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. कॅराव्हॅन म्हणतात तिला. "मामा, ब्रेक मारला की दोन्ही इंडिकेटर मंद पेटतात, गॅरेजवाला आठवड्यानंतरची वेळ देतोय." मी म्हटलं, प्लग उघड, पांढरी वायर ओढून बघ. ती हातात आली. त्याच्या कॅराव्हॅनचा प्लग तेरा पिनांचा होता, खोलीतल्या फ्रीजचीही वायर त्यातूनच जात होती. पण रोग आमच्याच गावचा.

आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे, लोकांनी फिरावं. पण महोदय, महाराष्ट्रात चाकांवरचं बिऱ्हाड ओढण्याची चाल त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा संबंध पर्यटन खात्याशी नाही, आपल्याशी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, पाथर्डीकडून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या मागं ट्रॉली, तीत पत्र्याच्या पेट्या, भांडीकुंडी, कोपीचे बांबू आणि ताडपत्री, जळण, धान्याची पोती, कोंबड्यांचं डालगं, कडेला बांधलेली शेळी. या सगळ्यावर माणसं. दिवसभर ऊन लागतं, शिवाय मुकादमाला उद्या फडावर टोळी उभी करायची असते, म्हणून हे बिऱ्हाड रात्री चालतं. पोरं झोपलेली असतात, ती बहुतेक ट्रॉलीच्या मागच्या बाजूला, कारण पुढं ट्रॅक्टरचा धूर येतो.

मागच्या हंगामाच्या सुरुवातीला अशी एक गाडी रात्री साडेदहाला माझ्या शेडसमोर थांबली, पाणी मागायला. मी पाणी दिलं आणि सवयीनं मागं गेलो. दिवे जागेवर होते, काचा धड होत्या, आत बल्ब होते. प्लग मात्र सॉकेटपासून वीतभर अंतरावर, सुतळीनं दांड्याला बांधलेला. विचारलं तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "लावला की फ्यूज उडतोय, काका. मग हेडलाइट पण जातोय." म्हणजे त्यानं पुढचा दिवा वाचवायला मागचा सोडला होता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आम्ही वायर चाचपली. पाट्याजवळ ती सांगाड्याच्या कोपऱ्यावर घासून उघडी पडली होती, तांबं लोखंडाला टेकत होतं. तेवढा तुकडा कापला, दीड स्क्वेअरचा नवा घातला, वर रबरी नळी चढवली, पांढरी वायर थेट दोन्ही होल्डरांपर्यंत नेली. पस्तीस मिनिटं. वर एक म्हातारी जागी होती. लाल उजेड पडल्यावर तिनं वाकून खाली बघितलं आणि, "आता हाय व्हय मागं बत्ती?" असं विचारलं. तिला कुणीतरी इतका वेळ बत्ती आहे असंच सांगितलेलं असावं.

आता मागणी, ती एकच आहे. गाळप परवाना आपल्या कार्यालयातून निघतो. त्याच्या अटींत एक ओळ घालावी : कारखान्याच्या आवारात, काट्याच्या अलीकडं, हंगामभर दिवसरात्र ट्रॉलीचे दिवे तपासून जागेवर दुरुस्त करण्याची सोय असावी.

ही सोय म्हणजे खोली, यंत्र, निविदा असलं काही नाही. एक फळा, त्यावर बारा व्होल्टची बॅटरी, एक सात पिनांचं सॉकेट आणि अर्थ सोडून बाकी सहा पिनांना सहा बटणं. ट्रॅक्टर लागत नाही, ट्रॉलीचा प्लग या फळ्यात खुपसायचा आणि एकेक बटण दाबायचं. टेलची आणि ब्रेकची बटणं एकदमही दाबून पाहायची, कारण एखाद्याच दिव्याची परतीची वाट तुटलेली असेल तर ती तिथं उघडी पडते. एका ट्रॉलीला दोन मिनिटं. शेजारी आयटीआय झालेला एक तारतंत्री, एक टेस्ट लॅम्प, दीड स्क्वेअर वायरीची गुंडाळी, होल्डर, बल्ब, लग, खरवडायला कानस. वेळ कुठून काढायचा, हा प्रश्नच नाही. उसाच्या गाड्या नंबर लागेपर्यंत यार्डात तासन् तास उभ्या असतात, ट्रॅक्टरवाले स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपतात. त्या झोपेत दिवे दुरुस्त होतील. वजनपावतीवर एक चौकोन वाढवावा, दिवे तपासले, होय किंवा नाही. आणि कारखान्यानं आपल्या सगळ्या ट्रॉल्यांना वर सांगितलेला सात रंगांचा एकच क्रम लावून द्यावा, म्हणजे कुठलीही ट्रॉली कुठल्याही ट्रॅक्टरला चालेल.

ट्रॅक्टरमालक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच बाकड्यावर बसून म्हणतात. ऊस उतरवताना दिवे फुटतात, रोज कोण बसवणार? त्यांचं बरोबर आहे. फाळक्यावर दिवा टिकणार नाही. शिवाय टिकला तरी लोंबणाऱ्या उसाच्या मागं झाकून जातो. त्यावर इंग्लंडासारख्या देशांत एक साधी युक्ती करतात : दिव्यांची सुटी फळी. चार-पाच फुटांची फळी, तिच्यावर दोन्ही बाजूंचे दिवे, पट्टी आणि नंबर, आणि लांब केबल. गाडी भरून झाली की फळी शेवटच्या मोळीवर, उसाच्या शेंड्यांच्याही बाहेर लटकवायची. काट्यावर आलं की काढून ट्रॅक्टरवर टाकायची. माझ्याकडं अशा तीन फळ्या आहेत, मी स्वतः बनवलेल्या. त्यांतली एक गेली दोन वर्षं एका गाडीवर फिरते आहे आणि तिचा अजून एकच बल्ब गेलाय. कारखान्यानं तोडणी-वाहतुकीच्या करारासोबत, उचल देतानाच प्रत्येक गाडीला अशी एक फळी दिली आणि हंगाम संपल्यावर परत घेतली, तर ट्रॅक्टरमालकाला बोलायला जागा राहत नाही.

दंड मात्र लावू नये, ही माझी विनंती. दंड लागला की प्लग तपासणीपुरता बसतो आणि वळणावर निघतो. ज्याची पिन गंजली आहे त्याला पावती देण्यापेक्षा कानस द्यावी. आणि टोळ्या येतात-जातात त्या आठवड्यांत ही तपासणी यार्डात नको, रस्त्यावर हवी. बिऱ्हाड घेऊन आलेली ट्रॉली काट्यावर येतच नाही, ती सरळ फडाकडं जाते. ज्या नाक्यांवरून टोळ्या हमखास जातात तिथं त्या आठ-दहा रात्री प्रत्येक कारखान्यानं एक तारतंत्री बसवावा.

आमच्या बाजूचा एखादा कारखाना तयार झाला तर फळा मी बनवून देतो, मजुरी नको, सामानाचे पैसे द्यावेत. यंदा बॉयलर पेटण्याआधी दोन दिवस मिळाले तरी त्यांच्या पोरांना दाखवून जाईन. टेस्ट लॅम्प माझाच आणीन.

आपला,
कराड तालुक्यातला एक ऑटो इलेक्ट्रिशियन

ता. क. : सुंदरपेरुमाळ कोयिलला त्या पोराच्या ट्रॉलीला जी वायर बांधली ती टॅक्सीवाल्याची होती, एक स्क्वेअरची, आणि जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी लावलेली. पट्टी उन्हानं दोन महिन्यांत सुटते. जोडाला डाग द्यायला आणि नवी वायर टाकायला मी त्याला खुणेनं सांगितलं होतं. त्यानं मान हलवली होती, पण त्या भागात मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, ते मला नीट कळलं नाही.